खोळीसकट वजन

६ जानेवारी, सोम.

मोपाच्या विमानतळावर आज पाचवा दिवस. मोठ्या सामानाचा काउंटर आता माझ्या एकट्याच्या ताब्यात. आज आलेलं: एक सायकल (चाकं काढून पुठ्ठ्याच्या खोक्यात), एक पखवाज, गोल्फच्या दोन पिशव्या, चार फळ्या. फळ्या म्हणजे समुद्रात लाटेवर उभं राहतात त्या. खोळीत घातली की गोधडी पांघरून झोपलेल्या माणसाएवढी दिसते. पहिल्या दिवशी मी दचकलोच होतो.

खाणीच्या काट्यावर बावीस वर्षं एकच वस्तू वजनाला आली, लाल माती. ट्रक बदलायचे, माती तीच. खाण बंद झाली, मग इकडेतिकडे काढली काही वर्षं, आणि आता चोपन्नाव्या वर्षी गळ्यात फोटोचं ओळखपत्र. सु. म्हणते फोटोत घाबरलेले दिसता. लग्नाच्या फोटोतही तसाच दिसतो, तेव्हा बोलली नव्हती.

एक केरळचा माणूस. फळी साडेआठ फूट. विमान कंपनीचा नियम छापून प्लास्टिकच्या पाकिटात घालून आणलेला. म्हणाला, एक कंपनी लांबी बघते, दुसरी वजन बघते, तिसरी फोनवर हो म्हणते आणि काउंटरवर नाही. म्हणून कागद जवळ. मी विचारलं, फळी तिकडे भाड्याने मिळत नाही का. मिळते, म्हणाला, पण दुसऱ्याच्या चपला घालून धावण्यासारखं होतं. हे पटलं. आणखी विचारायचं होतं, मागे रांग होती.


९ जाने., गुरु.

नाचक्की. लिहून ठेवतो.

अर्चना मॅडमनी बोलावलं. सुपरवायझर, फोंड्याच्या, आमच्या मोठीच्या वयाच्या. माझी वही आणि मशीनच्या पट्ट्या शेजारी ठेवलेल्या. माझी वजनं सगळीकडे दोन-तीन किलो कमी. का, म्हणून विचारलं. मला प्रश्नच कळेना. मी म्हटलं, खोळ वजा केली की.

आठ दिवस मी प्रत्येकाला फळी खोळीतून बाहेर काढायला लावत होतो. आधी भरलेली खोळ काट्यावर, मग रिकामी, मग वजाबाकी. खाणीवर असंच. भरलेला ट्रक वजा रिकामा ट्रक, राहिला तो माल. बावीस वर्षं हात तेच करत आले, इथेही केलं. माझी रांग पुढे का सरकत नाही याचं मलाच नवल वाटायचं. आणि एकाही प्रवाशाने हे कशासाठी, असं विचारलं नाही. त्यांचं शुल्क कमी होत होतं, विचारतील कशाला.

मॅडमनी वही मिटली. मग म्हणाल्या, "काका, खोळ काय विमानातनं उतरून चालत जाता?"

हसू आलं, पण हसायची वेळ नव्हती. विमानात किती वजन चढलं त्यावर सगळा हिशेब असतो, पोटात सामान कुठे रचायचं तेही. लेखी खुलासा दिला. तीन वेळा लिहिला, पहिल्या दोन्हींत खाणीचाच इतिहास जास्त झाला होता. मॅडम म्हणाल्या, यावेळी सांभाळून घेते, पुन्हा आकडा हलला तर माझ्या हातात राहणार नाही. मार्चपर्यंत मी कच्चा, नोकरी पक्की नाही.

घरी येताना स्कूटरवर हाच विचार. खाणीवर ट्रक वजा करायचे कारण ट्रक कोणी विकत घेत नव्हतं. पण डिझेल तर ट्रक आणि माती, दोघांच्याही वजनाला जळायचं. हे तेव्हा कधी डोक्यात आलं नाही.


१४ जाने., मंगळ. संक्रांत

चोपडे गावाहून शालू आली, तिळाचे लाडू घेऊन. माझी धाकटी बहीण. बसली आणि रडली. मला वाटलं भावोजींशी काही झालं. तसं नव्हतं.

रेवतीची गोष्ट. शालूची मुलगी, तेवीस वर्षांची. चार वर्षं आश्वेच्या किनाऱ्यावर टुरिस्टांना फळीवर उभं राहायला शिकवते. शालू त्या फळीला पाट म्हणते. लोक पाटावर बसतात, आमची उभी राहते. दत्ताराम भावोजींना हे कधीच पटलं नाही. होड्या दुरुस्त करणारा माणूस. समुद्रात पोटासाठी जातात, खेळायला नाही, हे त्यांचं म्हणणं. चार वर्षांत एकदाही आश्वेला गेले नाहीत. चोपड्याहून आश्वे किती, वीस मिनिटं.

आता शिकवायचं सर्टिफिकेट लागणार. रेवती ज्याच्याकडे काम करते तो म्हणतो, कागद नसेल तर यंदाच्या पावसाळ्यानंतर ठेवता येणार नाही. परीक्षा तामिळनाडूत, फेब्रुवारीत. स्वतःची फळी घेऊन यायचं. आणि नाताळात एका टुरिस्टाने हिचीच फळी खडकावर घातली, मधोमध मोडली.

रडण्याचं कारण पुढे. भावोजींनी ती फळी कोणाला न सांगता शेडमध्ये नेली आणि जोडून दिली. चार दिवस लागले. मुलीच्या हातात देऊन म्हणाले, घे. एवढंच. शालू म्हणाली, "चार वर्सांत पयल्यांदा रे, रमाकांत."

मलाही भरून आलं. लाडू दाताला चिकटलेला, बोलता येईना.


१९ जाने., रवि.

सुट्टी. चोपड्याला जाऊन आलो, फळी बघायला. सु. म्हणाली, बघायला जाता की चौकशीला.

नऊ फुटी. मधे जोड. भावोजींनी होडीला लावतात ते रेझीन आणि काचेची मॅट वापरली आहे. एक थर नाही, तीन. खालून, वरून, कडेने गुंडाळून. वर होडीचा उरलेला निळा रंग. जोड शोधून सापडत नाही इतकं काम साफ. मी बोट फिरवत होतो, भावोजी माझ्याकडे बघत होते. म्हणाले, "आता बारा वर्सां हेका काय जावचां नाय."

मग मी ती उचलली. काट्यावर एवढी वर्षं काढलेल्या हाताला सांगावं लागत नाही.

चहाला भावोजी आत गेले तेव्हा रेवतीला विचारलं, मोडायच्या आधी किती होती. नऊ किलो, म्हणाली. आणि आता? ती माझ्याकडे न बघता म्हणाली, "मामा, बाबांक सांगू नको."

उंडे पाव आणि चहा घेतला. भावोजी रेझीनचे भाव सांगत होते. मी हं हं करत होतो.


२३ जाने., गुरु. (दु. पाळी)

रेवतीचा फोन, कुठल्या विमानाने जाऊ. सुट्टीच्या वेळात सगळ्या काउंटरवर विचारून आलो. फार मजेची माहिती. एकीकडे सात फुटांवर घेतच नाहीत. एकीकडे घेतात पण जागा असली तर, आणि जागा आहे की नाही ते विमान सुटायच्या आधी तासभर कळणार. रेल्वेने नेली तर पार्सलात, पोचेल तेव्हा पोचेल. नऊ फुटी फळी तिकडे नेणारी एकच कंपनी, आमचीच. एक ठरलेलं शुल्क, पंधरा किलोपर्यंत. वर गेली की प्रत्येक किलोला जादा. शिवाय एक कागद, त्यावर फळीचं चित्र छापलेलं. आधीच काही मोडलेलं-जोडलेलं असेल तिथे फुली मारायची आणि प्रवाशाची सही घ्यायची. उद्या तिथेच मोडली तर कंपनी जबाबदार नाही.

तिकीट ८ फेब्रु.चं काढलं. त्या दिवशी माझी सकाळपाळी.


२६ जाने., रवि.

आश्वेला गेलो. रेवतीने हो-नाही केलं, मी गेलोच. वाळूत बसून दोन तास बघितलं. मला त्यातलं काय कळतं, पण एक दिसलं. इतरांच्या फळ्या लाट आली की उठतात. हिची थोडी मागून उठते. तेवढ्यात लाट निघून गेलेली असते. तीनदा पडली. एकदा फळी वळवायला गेली आणि फळी सरळच गेली, ही एकटी वळली.

परीक्षेत ठरलेल्या वेळात फळीवर पालथं पडून, हात मारत लांब जाऊन परत यायचं असतं. बुडत्या माणसाला आणायचं ते. आधी तिला सहज जमायचं, आता वेळेच्या काठावर येतं. दंड दाखवले तिने, सुजलेले.

मी म्हटलं, वरचे दोन थर घासून काढ. तिथला एकजण यंत्राने घासून देतो, मी त्यालाही विचारून घेतलं होतं. रेवती वाळूत रेघा काढत बसली. मग म्हणाली, "बाबांनी पयल्यांदा माझ्या फळयेक हात लावलो. तो हात मी घासून काडूं, मामा?"

 मी त्या घासणाऱ्याला नको म्हणून सांगून आलो.


२ फेब्रु., रवि.

फळी रेवतीने टेम्पोत घालून मयेला आणली, दोन दिवस आमच्याकडे ठेवायला. मी बाथरूममधल्या काट्यावर उभा राहून, फळी कवेत धरून वजन केलं, मग माझं वजा. सु. दारात उभी राहून बघत होती. म्हणाली, नाचताय का कोणाबरोबर.

फळी तेरा किलो चारशे. खोळ तीन. सोळा चारशे. पंधराच्या वर.

दोन किलोचे जादा पैसे मीही भरीन, त्याचं काही नाही. पण आमच्या काट्याचा आकडा दोन्ही बाजूंनी दिसतो. भावोजी पोचवायला येणार आहेत. सामानाचं वजन जास्त झालं की पहिला प्रश्न हाच येतो, कशामुळे. आणि जिथे फुली मारायची तो जोडही त्यांचाच.

एक वाट आहे. खोळ वजा केली तर आकडा पंधराच्या आत बसतो. खोळ आधी काढून बाजूला ठेवायची, नुसती फळी काट्यावर. जानेवारीत आठ दिवस तेच तर केलं. सु.ला सांगितलं. ती भाकरी थापत होती, थांबली. म्हणाली, तेव्हा माहीत नव्हतं म्हणून चूक. आता केलंत तर तिला दुसरं नाव आहे.

खरं आहे. तरी दिवसभर मनात तेच.


८ फेब्रु., शनि.

रेवती गेली.

साडेनऊला आले तिघं. शालू, भावोजी, रेवती. भावोजी इस्त्रीच्या शर्टात. फळी कोणाच्या हातात द्यायला तयार नाहीत, स्वतः खांद्यावरून आणली. वरची दुकानं, काचा, सरकते जिने, कशाकडे बघितलं नाही. काट्यावर ठेवताना हलकेच, होडी पाण्यात सोडतात तशी.

खोळीसकट ठेवली. खोळ काढायला मी सांगितलं नाही.

१६.४.

रेवतीने पटकन फोन काढला पैसे भरायला. भावोजींनी आकडा बघितला. विचारलं, किती चालतं. पंधरा, मी म्हटलं. मग कशाने वाढलं. रेवती म्हणाली, "बॅग जड आसा, बाबा."

भावोजी माझ्याकडे वळले. "बॅगेचां वजन कितलां?"

मागे एक जोडपं सायकल घेऊन उभं. मॅडम दोन काउंटर सोडून. रेवती माझ्याकडे बघतेय आणि तिच्या डोळ्यांत काय आहे ते मला कळतंय. पाच म्हटलं असतं तर संपलं असतं. आजवर माझ्या तोंडून काट्याच्या बाबतीत खोटा आकडा गेलेला नाही. चुकीचा गेला असेल, खोटा नाही. मी म्हटलं, तीन.

भावोजींनी वजाबाकी केली. ओठ हलताना दिसले. मग विचारलं, पयली कितली होती. मी नऊ म्हटलं.  रेझीनचा डबा चार किलोचा असतो, तो सगळा संपला होता, हे त्यांना माझ्यापेक्षा जास्त माहीत.

मग तो चित्राचा कागद. मी फुली मारली, मधोमध. फुली वाकडी आली. भावोजींनी विचारलं, ही कित्याक. मी सांगितलं, जोडलेलं असलं की मारायला लागते. त्यांनी मान हलवली. रेवतीने सही केली. फळी पट्ट्यावरून आत गेली.

रेवतीने वाकून नमस्कार केला. भावोजींनी तिच्या डोक्यावर हात ठेवला आणि नेहमीपेक्षा जास्त वेळ ठेवला.  ती गेल्यावर शालूला म्हणाले, चल. मला चहासुद्धा विचारू दिला नाही.

मी खरं बोललो. बरं मात्र वाटत नाही.


११ फेब्रु., मंगळ.

रेवतीचा फोन. फळी ओरखडासुद्धा न पडता पोचली. त्याच विमानात आलेल्या दुसऱ्या एका मुलीची फळी टोकाला फुटली. हिच्या फळीवर, म्हणाली, कोणी ट्रक घातला तरी काय होणार नाही. हे सांगताना हसली.

तिथल्या शिक्षकाने फळी उचलून बघितली आणि विचारलं, ही कोणी केली. वडिलांनी, म्हटल्यावर तो म्हणाला काम फार सुंदर आहे, पण या वजनावर तू वेळेत येणार नाहीस. काल सराव होता. अकरा सेकंद उशीर. तिथे एकजण एका दिवसात थर उतरवून देतो. परीक्षा शनिवारी. उद्या-परवा दिली नाही तर मग वाळायला वेळ राहत नाही.

नाही म्हणून सांगून आली आहे. मी समजावलं, थोडा चिडलोही. ती म्हणाली, काट्यावर त्यांचा चेहरा तू बघितलास ना, आता वर हेही करू? मग नेहमीचं, बाबांक सांगू नको.

मी किती जणांचं काय काय सांगायचं नाही ते आता वहीतच लिहून ठेवायला हवं.


१३ फेब्रु., गुरु.

दुपारी साडेबारा. भावोजी आले. एकटे, स्कूटरवर, चोपड्याहून मयेपर्यंत. या घरी शेवटचे आले ते आमच्या मोठीच्या लग्नाला. सु.ने पाणी दिलं, पाण्याला हात लावला नाही. कदेल सरकवली, बसले नाहीत.

चार दिवस झोप नाही, शालूने सकाळी फोनवर सांगितलंच होतं. काल आश्वेला गेले होते. हे शालूलाही माहीत नव्हतं, मला आत्ता कळलं. कोणाशी न बोलता किनाऱ्यावर उभे राहून फळ्या बघितल्या. एकाची हातात मागून घेतली. दोन बोटांवर उचलली, म्हणाले, आणि मला दोन बोटं दाखवली. मी विचारलं, कशी होती, कशाची केलेली असते आतून. म्हणाले फोम. मग त्यांनाच उत्साह आला, पाच मिनिटं फोम, कापड, किती पातळ थर देतात, कसा ओढून घेतात, सगळं सांगितलं. काय सांगायला आलेत ते विसरलेच जणू. मग आठवलं.

म्हणाले, "तिका सांग, घासून टाक म्हणान. माझ्या तोंडांत येयना तां."

मी रेवतीला फोन लावला. शपथ मोडली की नाही कोण जाणे, मी तर तिचं काहीच सांगितलं नव्हतं, ते आपणहून आले. तिला म्हटलं, बाबा इथे आहेत, घासून टाक म्हणतात.  पलीकडे समुद्राचा आवाज येत होता. मग ती म्हणाली, तू म्हणतोयस. बाबांनी म्हटलं तर बाबांक बोलूं दी. आज चार वाजेपर्यंत तो माणूस दुकानात आहे, मग बंद.

फोन भावोजींच्या हातात दिला.  ते तो घेऊन बाहेर बाल्कांवात गेले आणि दार ओढून घेतलं.

हे लिहितोय तेव्हा ते बाहेरच आहेत. सात मिनिटं झाली. या माणसाला मी फोनवर अर्ध्या मिनिटाच्या वर बोलताना ऐकलेलं नाही. आधी फक्त हं, हं येत होतं. आता त्यांचाच आवाज येतोय, पण शब्द कळत नाहीत. मी जनेलाकडे उठलो तर सु.ने डोळे वटारले, उघडू नका म्हणून.

उघडलं नाही. कान लावला फक्त. एवढं स्पष्ट ऐकलं, "पयलो खालचो काड. सावकाश. आनी वयलो..."

आणि वरच्याचं काय करायचं ते सु.च्या कुकरच्या शिट्टीत गेलं. आता ते परत हं, हं करतायत. विचारायचीही सोय नाही, कान लावला होता हे कळेल.